बाज, तीन चोर आणि आवक क्रमांक

परवानगीच्या फायलीत शेवटी एकोणीस कागद झाले. त्यातले चार म्हणजे एकाच पत्राच्या प्रती. सातवीच्या मुलांना रात्रीचं आकाश दाखवायचं तर एवढं काय लागतं, असं दोन शिक्षिकांनी विचारलं, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते. शाळेचं नाव लिहीत नाही आणि मुलांची नावं बदलली आहेत.

मी सदाशिव पेठेत एका कर सल्लागाराकडे हिशेब बघते. शिक्षिका नाही. कॉलेजात असताना टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जायचे. १९४४ पासूनची ही संस्था, तिथेच आकाश वाचायला शिकले. पुढे लग्न, नोकरी, मार्चअखेर. आकाश राहून गेलं.

जून २०२४ मध्ये ओळखीतून एका शाळेत तासभर बोलायला गेले. नदीकाठच्या वस्तीतली मुलं येतात ती मराठी शाळा. सुरुवातीला काय बोलावं सुचेना म्हणून ३४ मुलांना कागद दिले आणि म्हटलं, शास्त्रज्ञ काढा. तीस कागदांवर पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचा, हातात नळी धरलेला गोरा म्हातारा. तिघांनी कलाम काढले. पूजाचा कागद कोरा. "मला कुणी माहीत नाय," ती म्हणाली. तिचं म्हणणं बाकीच्या तीस जणांपेक्षा प्रामाणिक होतं, असं मला घरी जाताना वाटत राहिलं.

मोठ्या बाईंना विचारलं, दर शनिवारी येऊ का? थोडं वाचू, थोडं आकाश बघू. वाचनाला त्या लगेच हो म्हणाल्या, वर्गशिक्षिका वर्गात बसतील या अटीवर. रात्रीच्या कार्यक्रमाला मात्र वरच्या कार्यालयाची परवानगी लागेल म्हणाल्या. २४ जूनला, सोमवारी, अर्ज दिला. अर्जाला जोडलं ते असं: शाळेचं पत्र, कार्यक्रमाचा आराखडा, माझं आधार आणि पॅन, नोकरीच्या ठिकाणचं पत्र, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत. चारित्र्य पडताळणीचा पोलिसांचा दाखला "नंतर दिला तरी चालेल" असं तिथे सांगितलं गेलं. चालत नाही. पहिल्याच दिवशी ऑनलाइन अर्ज करून टाका.

जुलैत आकाश बंदच असतं, म्हणून पुस्तकांपासून सुरुवात केली. अप्पा बळवंत चौकातून १,९४० रुपयांची बावीस पुस्तकं उचलली. ग्रह, तारे, अवकाशवीर आणि काही गोष्टींची. मला निवड फार आवडली होती. तिसऱ्या शनिवारी एक गोष्ट वाचत होते. त्यातली मुलगी आपल्या खोलीच्या खिडकीतून चंद्र बघते आणि बाबांना प्रश्न विचारते. रुखसारने हात वर केला. "ताई, तिला येगळी खोली कशी काय?" वर्ग हसला. मीही हसले. पण त्या रात्री बावीसच्या बावीस पुस्तकं पुन्हा चाळली. एकाही पुस्तकातल्या मुलाला पाण्याच्या नळावर नंबर लावावा लागत नव्हता. एकाचीही आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासत नव्हती. मी हौसेने नेली होती ती माझ्याच लहानपणाची पुस्तकं.

मग शोध सुरू झाला. आणखी २,२६० रुपये गेले आणि बरंच काही नुसतं छापून नेलं. सगळ्यात आधी मुक्ता साळवे. मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली, याच पुण्यातली. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. भाषा जुनी आहे, मुलं अडखळतील असं वाटलं होतं. अडखळली. पण "चौदा म्हणजे आपल्यापेक्षा दीड वर्षानं मोठी" हा हिशेब त्यांनी लगेच केला. मग अण्णा भाऊ साठे. दीड दिवसच शाळेत गेले हे ऐकून मागच्या बाकावरून "आपलं तर सहा वर्षं झालं" असा आवाज आला.

आणि मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, जन्म १८९३. १९०५ मध्ये गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार घातला म्हणून शाळेतून काढलेला. पुढे कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे जेवायला वेगळं बसवलेला. त्याच साहांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्याच्या उजेडावरून त्याचं तापमान काढता येऊ लागलं. अणू किती तापला की त्यातला इलेक्ट्रॉन निसटतो, याचं ते गणित. समीकरण फळ्यावर लिहिलं नाही, उलथन्याचं उदाहरण दिलं. गॅसवर ठेवलेलं उलथनं आधी लाल होतं, आणखी तापलं तर पिवळट. तसाच मृगातला काक्षी तांबडा म्हणजे त्यातल्या त्यात थंड, आणि व्याध निळसर पांढरा म्हणजे जास्त तापलेला. गणेशच्या वडिलांची टपरी आहे. तो म्हणाला, "दुकानात बसून पण तारा मोजता येतो मग." येतो, म्हटलं.

मुलींसाठी बिभा चौधुरी. विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांवर, काम केलेल्या या बंगाली शास्त्रज्ञेचं नाव २०१९ मध्ये एका ताऱ्याला दिलं गेलं. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. तरी पुढचे चार शनिवार "बिभा कुठाय?" चालूच होतं.

ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली आणि बाहेरच्या माणसांबाबतचे नियम सगळीकडे कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. माझा अर्ज मात्र मागे पडला. आता पोलिसांचा दाखला आधी हवा, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेच्या सखी सावित्री समितीची संमती हवी, मुलींबरोबर महिला शिक्षिका किती येणार हे लेखी हवं. सप्टेंबरमध्ये सगळं घेऊन गेले तर कळलं की मूळ अर्जच सापडत नाहीये. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "आवक क्रमांक आहे का?" माझ्याकडे नव्हता. अर्ज दिला होता, पोचेवर शिक्का घेतला नव्हता. दुसऱ्यांचे कागद नीट लावणं हेच माझं रोजचं काम, आणि मी स्वतः ही चूक करावी! दुसरा अर्ज, दुसरा ठराव, तीन हेलपाटे. तेव्हापासून शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो काढल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला विधानसभेची आचारसंहिता लागली. शिक्षक निवडणुकीच्या ड्यूटीवर, मध्ये दिवाळी, २० नोव्हेंबरला मतदान. या काळात पाठपुरावा करण्यात अर्थ नसतो. पत्र हातात आलं ते ९ डिसेंबरला. साडेपाच महिने लागले. पत्र तीन ओळींचं होतं आणि त्यात 'आकाशदर्शन'चं 'आकाशदर्शक' झालं होतं.

याच थांबण्याच्या काळात एक गोष्ट मात्र छान झाली. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगायचे, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. (सर २० मे २०२५ ला गेले.) त्यावरून सुचलं. ३४ पोस्टकार्डं आणली, पन्नास पैशाला एक, एकूण सतरा रुपये. मुलांनी गावाकडे आजीआजोबांना लिहायचं: तुम्ही चांदण्यांना काय म्हणता? लातूर, बीड, धाराशिव, नांदेड, कलबुर्गी असे पत्ते. निम्म्या मुलांना पूर्ण पत्ता माहीत नव्हता, तो मिळवण्यातच पंधरा दिवस गेले. पोस्टाची पेटी कशी असते हेही बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिलं.

उत्तरं सहा आली. त्यातलं एक पूजाच्या आजीचं. आजीला लिहिता येत नाही, अंगणवाडीच्या ताईंनी लिहून दिलेलं. बारीक अक्षरात पूर्ण कार्ड भरून: "चि. पूजा हीस आजीचा आशीर्वाद. मृगाच्या मधल्या तीन चांदण्या म्हणजे तिकांडं. वरच्या अंगाला बाज आहे, तिला चार खूर. बाजेवर म्हातारी निजते. तीन चोर बाज चोरायला निघाले आहेत, अजून पोचले नाहीत. तुझी शाळा नीट चालू आहे का. थंडीचं डोकं बांधत जा."

बाज म्हणजे खाट, सप्तर्षींतला चौकोन, आणि चोर म्हणजे शेपटीचे तीन तारे. मी वीस वर्षं त्या तिघांना अंगिरस, वसिष्ठ, मरीची म्हणत आले. शोधलं तर कळलं की टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्ये जाऊन अशीच खाट आणि असेच चोर नोंदवून ठेवलेत. हे वर्गात सांगितलं तेव्हा पूजाने कार्ड माझ्या हातून काढून घेतलं आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. पुन्हा दाखवायला दिलं नाही.

दुर्बिणीचं सांगते, कारण त्यात मी फसले. "६७५ पट मोठं दाखवते" असं लिहिलेली एक दुर्बीण ऑनलाइन ७,८०० ला घेतली. तिपाई इतकी लटपटी, की मुलांनी श्वास सोडला तरी चंद्र उडी मारायचा. 'पट' बघू नका, भिंग किंवा आरसा किती रुंद आहे ते बघा. ती ३,००० ला विकली आणि ६,४०० ची १० बाय ५० ची (दहा पट, ५० मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री घेतली. चंद्रावरची विवरं आणि कृत्तिकांचा पुंजका तिच्यातून सुरेख दिसतात. जुन्या ग्रुपमधल्या एका मित्राने त्याची सहा इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण दोन रात्रींसाठी दिली. नवीन माणसाने आधी मागून बघावी, मग विकत घ्यावी.

४ जानेवारी २०२५, शनिवार, शाळेमागचं मैदान. आदल्या दिवशी सावित्रीबाईंची जयंती झाली होती. रुखसारने मुक्ता साळवेच्या निबंधातला उतारा माईकवरून, एका दमात आणि जरा जास्तच वेगाने वाचला होता. मैदानाशेजारी हायमास्टचा दिवा. तो बंद होणार नाही हे दोन फोनमध्ये कळलं, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत दुर्बीण लावली. पश्चिमेला चंद्राची कोर, तिच्याजवळ शनी, खाली झगझगीत शुक्र. पूर्वेला रोहिणीजवळ गुरू. नवख्या माणसाला याहून सोपं आकाश मिळायचं नाही.

रांग लागली. शनी मिनिटभरात दुर्बिणीच्या बाहेर सरकतो, त्यामुळे दर दोन मुलांनंतर ती हलवावी लागते. बुटक्या मुलांसाठी स्टूल आणि दुर्बिणीपाशी एक मोठं माणूस, हे नसेल तर सुरूच करू नका. पहिला गणेश. त्याने पाहिलं, बाजूला झाला आणि म्हणाला, "ताई, फसवलं." त्या वर्षी शनीची कडी आपल्याला जवळजवळ कडेने दिसत होती. साधारण पंधरा वर्षांनी तसं होतं. पुस्तकातली रुंद कडी पाठ करून आलेल्या मुलांना दिसलं ते टाचणी आरपार खुपसलेलं बोर. मला घाम फुटला. पण विशाल म्हणाला, "म्हणजे फोटो जुनाय. हे आत्ताचंय." त्यावर रांग पुन्हा लागली, गणेशसकट. अकरा मुलं साडेआठपर्यंत पेंगली, दोघांना भूक लागली, एकीचा भाऊ न्यायला आला नाही म्हणून वर्गशिक्षिका पावणेदहापर्यंत थांबल्या. खाऊ आधी द्या, नंतर नव्हे.

दुसरा कार्यक्रम शहराबाहेर. तारीख १ मार्च, नुकतीच अमावास्या होऊन गेलेली. पानशेतच्या अलीकडे ओळखीच्यांचं शेत. मिनीबस ९,५००, जेवण आणि नाश्ता ४,१००. बसच्या कागदपत्रांच्या प्रती, चालकाचा परवाना, दहा मुलांमागे एक शिक्षक, जवळच्या दवाखान्याचा नंबर, सगळं पुन्हा अर्जाला जोडून. या वेळी आवक क्रमांक होता, परवानगी बावीस दिवसांत आली.

अडलं ते पालकांच्या संमतीवर. सोळा मुलींपैकी नऊ जणींच्या घरून नकार. मी घरोघर गेले, माझ्याने एकही नकार फिरला नाही. मोठ्या बाईंनी एका वाक्यात सोडवलं: "आयांनाच घेऊन चला की." तिघी आल्या, त्यांच्या भरवशावर सहा मुली वाढल्या. तिघी शेवटपर्यंत नाही आल्या, त्यातली एक पूजा.

संध्याकाळी सातला आम्ही बांधावर बसलो होतो. मी शुक्र दाखवत होते, तेवढ्यात रुखसार ओरडली, "चाँद!" शुक्राच्या खाली, डोंगराच्या कडेला केसाएवढी कोर. मला दिसायला अर्धं मिनिट लागलं. तो रमजानचा चंद्र होता. तिला घरी कळवायचं होतं आणि रेंज नव्हती. वर्गशिक्षिका तिला घेऊन विहिरीच्या चढावर गेल्या, मागोमाग निम्मा वर्ग. वरून फोन लागल्याचा आवाज आला, मग टाळ्या. परत आल्यावर तिने सांगितलं, "अब्बूंना पुण्यात बिल्डिंगमुळं दिसला नव्हता. मी आधी सांगितलं."

साडेआठला व्याध डोक्याकडे चढला होता आणि त्याच्या बरोबर खाली, दक्षिणेला, अगस्ती. हात ताठ धरून मूठ मोजली तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी. मग पाठ फिरवून उत्तरेला ध्रुव मोजला. तोही जवळजवळ दोन मुठी. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, म्हणून ध्रुव तेवढाच वर. मला हे सांगायला फार आवडतं, मुलांना मूठ मोजण्याच्या मारामाऱ्या आवडल्या.

ईशान्येला बाज वर आली होती. मी पूजाच्या आजीचं कार्ड आठवून सांगू लागले, तर मागून आवाज आला, "मॅडम, चोर दोनच आलेत अजून." विशालची आई, संगीताताई. तिसरा तारा खरोखरच डोंगराआड होता. त्या मूळच्या बीडकडच्या, लग्नानंतर पाच हंगाम कारखान्याला ऊसतोडीला गेलेल्या. आता एका सोसायटीत साफसफाईचं काम करतात. "तिथं घड्याळ कुठलं? कोपीच्या (झोपडीच्या) बाहेर येऊन बघायचं. बाज उत्तरंला पार वर चढली की उठायचं, गाडी जुपायची. मुकादमानं हाक मारायच्या आत."

मी मनात हिशेब केला. जानेवारीत पहाटे चारच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला सगळ्यात उंच असतात. बाईंचं घड्याळ बरोबर होतं.

मुलं माझ्याजवळून उठून त्यांच्याभोवती बसली. कुणीतरी विचारलं, बाजेचा एक खूर बारीक का दिसतो? चौकोनातला तो एक तारा इतर तिघांपेक्षा फिका आहे, हे खरंच. माझ्याकडे उत्तर तयार होतं. संगीताताई म्हणाल्या, "जुनी बाज हाय, एक खूर झिजलाय." मी गप्प बसले. मधल्या चोराजवळचा बारीक तारा विशालला दिसला. मी अरुंधती म्हणणार, एवढ्यात गणेश म्हणाला, "पोलीस." साडेनऊच्या आसपास तिसरा चोर डोंगरावर आला तेव्हा शिट्ट्या पडल्या. आईकडे असं सगळ्यांनी बघत राहणं विशालला झेपत नव्हतं. तो दुर्बिणीचं झाकण उघडत-लावत बसला होता.

सोमवारी शाळेत पूजाला त्याने बाज कागदावर काढून दाखवली, असं वर्गशिक्षिकांकडून कळलं.

एकूण खर्च ३०,३०० रुपये, त्यात छपाई, रिक्षा आणि किरकोळ १,३००. ऑफिसमधल्या पाच जणांनी मिळून बारा हजार दिले, बाकीचे माझे. पावत्या सगळ्या ठेवल्यात. कुणी मागितल्या नाहीत, पण ठेवाव्यात.

१६ जून २०२५ ला शाळा उघडली, त्याच दिवशी नव्या वर्षाचा अर्ज दिला. पूजा आठवीत गेली, तिच्या वडिलांना बोलवायचं मोठ्या बाईंनी मनावर घेतलंय. अर्जात 'मार्गदर्शकांची नावे व शैक्षणिक अर्हता' असा रकाना आहे. तिथे माझ्या नावाखाली संगीताताईंचं नाव लिहिलं, अर्हतेपुढे 'चौथी उत्तीर्ण, आकाशाचा पाच हंगामांचा अनुभव'. खिडकीवरच्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "अनुभवाचा दाखला जोडा." शिक्का मात्र मारला. आवक क्रमांक माझ्याकडे आहे. दाखला कोण देणार, ते बघतेय.